कपॅसिटर बदलूनही पॅनेलचा आवाज पुन्हा बसतो तेव्हा

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, म्हणजे विद्युतभारित पातळ फिल्मच्या सपाट पॅनेलमधून आवाज काढणारे स्पीकर, बाळगणारे खानदेशात फार नाहीत. पण जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर अशा गावांतून जी थोडी मंडळी आहेत, त्यांची तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. आषाढ लागला की एका बाजूच्या पॅनेलचा आवाज हळूहळू उतरू लागतो, गायकाचा आवाज मधोमध न राहता दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि मग कोणीतरी सल्ला देते की क्रॉसओव्हरमधले (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या परिपथातले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून त्यांच्या जागी चांगले फिल्म कपॅसिटर बसवा. ते बसवले जातात, आवाज परत येतो, खर्चाचे चीज झाले असे वाटते. पुढच्या पावसाळ्यात मात्र तोच निरोप येतो: "आवाज बसी गया."

या चक्रातला मुख्य दोष बहुतेक वेळा क्रॉसओव्हरमध्ये नसतोच. दुरुस्तीसाठी स्पीकर उघडला जातो, वीज काढून काही दिवस कोरड्या खोलीत पडून राहतो, उघडल्यावर आतली धूळ झटकली जाते, आणि परत जोडेपर्यंत पावसाची झडही ओसरलेली असते. आवाज सुधारतो तो या गोष्टींमुळे. श्रेय मात्र नवा कपॅसिटर लाटतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. अर्थात पंधरा-वीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निर्दोष असतात असेही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात, आणि त्यातही वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत, ते लवकरच थकतात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणून एकाच स्पीकरमध्ये दोन्ही दोष असू शकतात, आणि ते वेगवेगळे ओळखता आले तरच हे चक्र थांबते.

रचनेचा थोडा हिशेब

ब्रिटिश अभियंते पीटर वॉकर यांचा 1957 सालचा क्वाड हा सर्व स्वर पॅनेलवरच वाजवणारा स्पीकर होता. वापरलेल्या स्थितीत सध्या अधिक दिसतात ते मात्र जोडरचनेचे स्पीकर, म्हणजे खालचे स्वर नेहमीच्या कागदी किंवा धातूच्या कोनाच्या वूफरवर आणि तीन-चारशे हर्ट्झच्या वरचे सर्व पॅनेलवर. पॅनेलमध्ये छिद्रे पाडलेल्या धातूच्या दोन जाळ्या असतात, त्यांना स्टेटर म्हणतात. त्यांच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीची पॉलिस्टर फिल्म ताणलेली असते, आणि तिच्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो, हा बायस. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा संकेत क्रॉसओव्हरमधून एका ट्रान्सफॉर्मरकडे जातो, तेथे पन्नास ते शंभर पट किंवा त्याहूनही अधिक वाढतो आणि स्टेटरवर पोहोचतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने हे सारे पॅनेल म्हणजे एक कपॅसिटरच आहे, आणि नेहमीच्या स्पीकरचे अनुभव येथे लागू न पडण्याचे कारण तेच. उदाहरणादाखल पॅनेलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) 1 नॅनोफॅरड आणि ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर 1:75 धरले, तर प्राथमिक बाजूने ती धारिता 75 च्या वर्गाने वाढून सुमारे 5.6 मायक्रोफॅरड भासते. तिचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या संकेताला होणारा विरोध, 1 किलोहर्ट्झला सुमारे 28 ओहम, 10 किलोहर्ट्झला 2.8 ओहम आणि 20 किलोहर्ट्झला केवळ 1.4 ओहम भरतो. स्वर जितका वरचा तितका भार जड, हे एवढे लक्षात राहिले तर पुढचे निदान पुष्कळ सोपे होते.

तीन दोषांच्या तीन खुणा

स्पीकर उघडण्याआधी मोबाइलवर स्वर निर्माण करणारे एखादे अ‍ॅप घ्यावे आणि 400, 1000, 5000 व 12000 हर्ट्झचे स्वर मध्यम आवाजात दोन्ही बाजूंना पाळीपाळीने वाजवून पाहावेत. दुसऱ्या मोबाइलवर आवाज मोजणारे अ‍ॅप चालवावे. त्याचे आकडे प्रयोगशाळेच्या दर्जाचे नसतात. पण येथे दोन बाजूंतला फरक हवा आहे, खरा आकडा नको. हे पॅनेल वरचे स्वर फार अरुंद पट्ट्यात फेकते, त्यामुळे मोजणारा मोबाइल दोन्ही वेळा एकाच उंचीच्या स्टुलावर, पॅनेलपासून तेवढ्याच अंतरावर आणि त्याच कोनात ठेवावा. हाताने धरून घेतलेल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. त्याही आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करावी. दोष वायरीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर स्पीकरला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

समजा दोष स्पीकरमध्येच आहे. एका बाजूचे पॅनेल चारही स्वरांना जवळपास सारखेच कमी वाजत असेल आणि वूफर मात्र दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर दोष बायसमध्ये किंवा पॅनेलच्या गळतीत आहे. बायस उतरला की पॅनेलची संवेदनक्षमता त्याच प्रमाणात सर्व स्वरांना उतरते. कानाला अशा वेळी पॅनेल कमी झाल्यासारखे न वाटता खर्ज वाढल्यासारखा वाटतो. त्यामुळे अनेक जण खर्जाचा नॉब कमी करून वर्षभर तसेच ऐकत राहतात.

फक्त 400 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडला असेल, म्हणजे पुरुषी आवाज आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाटत असेल आणि वरचे स्वर ठीक असतील, तर पॅनेलच्या वाटेवर एकसर (सीरिज) जोडलेल्या कपॅसिटरची धारिता घटली आहे. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 70 वर आला की पॅनेल जेथून वाजू लागते ती 350 हर्ट्झला ठेवलेली सीमा ढोबळमानाने 500 हर्ट्झपर्यंत सरकते. वूफर तर आपल्या जागीच थांबतो, आणि मधला भाग कोणीच वाजवत नाही.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे. 400 आणि 1000 हर्ट्झ बरोबर, 5000 ला किंचित उतार आणि 12000 ला स्पष्ट घट असेल, तर वाटेत कोठेतरी रोध वाढला आहे. थकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धारिता पुष्कळदा टिकून असते, पण त्याचा अंगभूत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढलेला असतो. वरच्या उदाहरणात वाटेत 2 ओहम रोध जास्तीचा आला, तर 1 किलोहर्ट्झला काहीच कळत नाही, 10 किलोहर्ट्झला सुमारे 1.8 डेसिबल आणि 20 किलोहर्ट्झला सुमारे 4.7 डेसिबल घट होते. नुसती धारिता दाखवणारा मल्टिमीटर असा कपॅसिटर निर्दोष ठरवतो; त्यासाठी ईएसआर दाखवणारे एलसीआर मीटरच हवे. कोरडा पडलेला सोल्डरचा जोड किंवा गंजलेला टर्मिनलही हीच खूण दाखवतो, म्हणून कपॅसिटर मागवण्याआधी सर्व जोड एकदा नव्याने तापवून घ्यावेत.

पहिली खूण आढळली असेल, तर कपॅसिटरवर पैसे घालण्याआधी पुढचा भाग करून पाहावा.

धूळ, दमट हवा आणि बायस

फिल्मवर बायसचा दाब दिवसरात्र असतो आणि विद्युतभारित पृष्ठभागाकडे धूळ आपोआप ओढली जाते. खानदेशात काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळाभर घरात येते. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे दिवाळीनंतर तिच्यात कापसाचा तंतू मिसळतो, आणि हा तंतू जाळीच्या छिद्रात अडकून फिल्मपर्यंत पोहोचतो. कोरड्या हवेत ही धूळ निरुपद्रवी असते. मृगाच्या सरी पडल्या आणि हवेतली आर्द्रता वाढली की तीच धूळ ओल धरते, फिल्मच्या कडेने आणि बायसच्या पट्टीवरून गळतीची वाट तयार होते. बायस देणाऱ्या परिपथात मुद्दाम शेकडो मेगाओहमचा रोध ठेवलेला असतो, त्यामुळे इतकीशी गळतीही दाब खाली ओढायला पुरते. रावेर-यावल भागात केळीच्या बागांना लागून ज्यांची घरे आहेत, त्यांच्याकडे ही अडचण पावसाळा संपल्यावरही रेंगाळते.

बायस मोजण्याचा मोह होतो, आणि घोडे पेंड खाते ते येथेच. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध 10 मेगाओहम असतो. 3000 व्होल्टच्या बायसच्या वाटेत 200 मेगाओहम असतील, तर फिल्मच्या टोकाला मीटर 143 व्होल्टच दाखवेल, आणि मोजणारा बायस बोर्ड (बायस तयार करणारा परिपथ) मृत ठरवून मोकळा होईल. रोधाच्या अलीकडे टोक लावले तर बहुतेक मीटरची 1000 व्होल्टची मर्यादा ओलांडली जाऊन मीटरच जाईल. त्यापेक्षा दोन्ही स्पीकरच्या बायस बोर्डांची अदलाबदल करून पाहणे अधिक खात्रीचे. दोष बोर्डाबरोबर गेला तर बोर्ड, जागेवर राहिला तर पॅनेल.

मात्र हे काम करताना धोका कोठे आहे हे नीट समजून घ्यावे. बायसचा प्रवाह अत्यल्प असतो आणि त्याचा झटका बहुधा दचकवण्यापुरता ठरतो. पण ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला संगीत चालू असताना हजारो व्होल्ट असतात आणि त्यांच्यामागे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद उभी असते. तो झटका जीवघेणा ठरू शकतो. म्हणून मागचे झाकण काढलेले असताना अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला नसावा, नुसता बंद असून चालणार नाही. बायसचा प्लग काढून निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि त्यानंतरही बोर्डावरचे कपॅसिटर उच्च दाबाच्या, काही मेगाओहमच्या रोधातून रिकामे करून घ्यावेत. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत येथे नको.

स्वच्छता पुढीलप्रमाणे होते. प्लग काढून एक दिवस गेल्यावर मऊ ब्रशचे तोंड लावलेला व्हॅक्यूम क्लीनर कमी ओढीवर ठेवून जाळीवरून दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावा. दाबाने हवा मारू नये. धूळ आत जाते आणि फिल्म ताणली जाते. बायस बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश फिरवून धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. बोर्डावर मोठे घटक चिकटवण्यासाठी कारखान्यात लावलेला पिवळसर गोंद तपकिरी झाला असेल, तर तो लाकडी काडीने खरवडून काढावा, कारण जुनाट झालेला हा गोंद वीज वाहू लागतो आणि खालचे तांबेही खातो. पॅनेल पाण्याने धुण्याचे धाडस काही लोक करतात. फिल्मवर विद्युतभार धरून ठेवणारा लेप कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक नसताना ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणी परत केल्यावर लगेच निकाल काढू नये. बायस भरायला वेळ लागतो. रात्रभर प्लग लावून ठेवावा आणि सकाळी तेच चार स्वर पुन्हा मोजावेत. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, तर आजार गळतीचा होता. संगीत बंद असताना पॅनेलमधून चिटचिट आवाज येत राहिला, तर गळती अजून शिल्लक आहे. स्वच्छ केलेले कोरडे पॅनेल आणि दुसऱ्या बाजूचा चांगला बोर्ड असूनही आवाज उतरलेलाच राहिला, तर फिल्मवरचा लेप संपला आहे आणि पॅनेल बदलण्यावाचून इलाज नाही. क्रॉसओव्हरमधला कोणताही महागडा घटक हा दोष झाकू शकत नाही.

कपॅसिटर खरोखर बदलायचे असतील तेव्हा

दुसरी किंवा तिसरी खूण मिळाली, तर बदल रास्त आहे. धारिता मूळ इतकीच ठेवावी. "थोडी जास्त घातली तर खर्ज भरेल" हा समज येथे नुकसान करतो, कारण सीमा खाली सरकली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर जास्त भार येतो. तोच दाब निम्म्या वारंवारितेला दिला की गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र दुप्पट होते, गाभा भरून जातो आणि पॅनेल घरघरते. व्होल्टची मर्यादा मात्र अकारण वाढवू नये. 8 ओहमला 100 वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायरही शिखराला 40 व्होल्टच देतो, त्यामुळे 100 व्होल्टचा कपॅसिटर पुरतो. 630 व्होल्टचा घेतला तर फक्त जागा आणि पैसे जातात.

मोठ्या धारितेचे फिल्म कपॅसिटर जळगाव-धुळ्यात सहज मिळत नाहीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवण्याची सर्वांची तयारी नसते. त्यावर एक उपाय आपल्याच पेठेत आहे. शेतीपंपाच्या दुकानात सिंगल फेज पंपाचे जे रनिंग कपॅसिटर मिळतात, ते मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन फिल्मचे, 440 व्होल्ट एसीचे आणि सतत चालण्यासाठी बनवलेले असतात. 50 मायक्रोफॅरडचे दोन समांतर जोडले की 100 होतात. मीटरवर मोजून दोन्ही बाजूंसाठी जुळणाऱ्या जोड्या निवडाव्यात. त्याच फळीवर ठेवलेले स्टार्टिंग कपॅसिटर मात्र घेऊ नयेत. ते इलेक्ट्रोलिटिक असतात आणि काही सेकंदांच्या कामापुरतेच असतात. दिसायला दोन्ही डबे सारखे, म्हणून वरचे लेबल वाचून घ्यावे. हे डबे आकाराने मोठे असल्याने नुसत्या तारांवर लोंबकळत ठेवू नयेत. वूफरच्या कंपनाने सोल्डर तुटतो. लाकडी पट्टीवर केबल टायने आवळून बसवावेत.

आता त्या नव्या तक्रारीकडे वळतो, जी बदल केल्यानंतरच सुरू होते: वरचे स्वर टोचू लागतात आणि अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजात प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. नवा घटक "रुळला" की हे थांबेल, असे सांगितले जाते. ते थांबत नाही, कारण दोष नव्या घटकाच्या चांगुलपणातच आहे. ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स (दोन वेटोळ्यांच्या अपुऱ्या जुळणीतून उरणारा इंडक्टन्स) आणि पॅनेलची धारिता यांचा अनुनाद (रेझोनन्स) श्रवणमर्यादेच्या वरच्या टोकाला होतो. 10 मायक्रोहेन्री आणि 5.6 मायक्रोफॅरड धरले तर सुमारे 21 किलोहर्ट्झला. त्या जागी दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि अ‍ॅम्प्लिफायरसमोर उरतो तो फक्त वाटेतला रोध: वेटोळ्यांचा, एकसर रेझिस्टरचा आणि कपॅसिटरच्या ईएसआरचा. जुन्या कपॅसिटरचा अर्धा-पाऊण ओहम रोध हा कळत-नकळत त्या अनुनादाला आवर घालत होता. फिल्म कपॅसिटरचा ईएसआर काही मिलिओहमच असतो. तो बसवताच आवर सुटतो, शिखर वर येते आणि इम्पिडन्स खाली जातो.

यासाठी जुना कपॅसिटर फेकून देण्याआधी त्याचा ईएसआर मोजून लिहून ठेवावा, आणि नव्याबरोबर एकसर जोडणीत 0.5 ते 1 ओहमचा, निदान 10 वॉटचा, इंडक्टन्स नसलेला रेझिस्टर बसवावा. मूळ कपॅसिटर नवा असताना त्याचा ईएसआर आजच्यापेक्षा कमी असणार, म्हणून 0.5 ने सुरुवात करून 12000 हर्ट्झचा स्वर दोन्ही बाजूंना मोजावा आणि टोचणे उरले तरच पुढे जावे. मुख्य कपॅसिटरला 0.1 मायक्रोफॅरडचा महागडा छोटा कपॅसिटर समांतर जोडण्याची हौस अनेकांना असते. या जागी त्यातून ऐकू येईल असा फायदा मला आढळलेला नाही.

वूफरच्या वाटेवरची लोखंडी गाभ्याची कॉइल काढून हवेच्या गाभ्याची बसवतानाही असाच हिशेब करावा. 0.2 ओहमच्या जागी 0.6 ओहमची कॉइल आली, तर 4 ओहमच्या वूफरचा आवाज सुमारे 0.8 डेसिबलने उतरतो आणि खर्ज सैल होतो. जाड तारेची मिळत नसेल, तर जुनीच राहू द्यावी.

संध्याकाळीच येणारी तक्रार

काहींचे पॅनेल ऋतूप्रमाणे नव्हे, तर दिवसातल्या ठरावीक वेळी बसते, आणि दोन्ही बाजूंचे एकाच वेळी. फीडरवर पंप चालू झाले की गावाकडे 230 चे 180 व्होल्ट होतात. बायसचा पुरवठा साध्या ट्रान्सफॉर्मरचा असेल, तर दाबही त्याच प्रमाणात घटतो आणि पॅनेल सुमारे 2 डेसिबलने उतरते, वूफर मात्र तसाच राहतो. 100 ते 240 व्होल्ट लिहिलेला स्विचिंग अ‍ॅडॅप्टर असेल तर हा प्रश्न येत नाही. परदेशातून आणलेल्या जोडीचा अ‍ॅडॅप्टर फक्त 120 व्होल्टचा नाही ना, हे प्रथमच पाहून घ्यावे. तो 230 वर लावला तर जळतो. जुन्या पुरवठ्यासाठी टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर पुरतो, कारण बायसला वीज अगदी थोडी लागते. अ‍ॅम्प्लिफायर त्याच स्टॅबिलायझरवर जोडू नये. मोठ्या आवाजात त्याची ओढ वाढली की स्टॅबिलायझरचे रिले खटखटू लागतात आणि बायस पुन्हा हेलकावे खाऊ लागतो.